नोंदवहीतील नवी ओळ



मुंबई उपनगर जिल्ह्यात आज शेते फारशी दिसत नाहीत. परंतु शेतांच्या काळातील गावे अभिलेखांत अजून नांदत आहेत. बोरिवलीच्या बहुमजली इमारतीत राहणारा माणूस आपला पत्ता सांगताना रस्त्याचे आणि स्थानकाचे नाव सांगतो. जमिनीच्या कागदावर मात्र ‘मौजे एक्सर’ किंवा ‘मौजे मागाठाणे’ असे लिहिलेले असते. अंधेरीकडे मौजे मरोळ, मुलुंडच्या बाजूस मौजे नाहूर, घाटकोपरला घाटकोपर-किरोळ, अशी ही नावे आहेत. हा जिल्हा १९२० मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी आजचा उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ इतकी भरली.

माणसे वाढली, मजले वाढले. जमीन मात्र तेवढीच राहिली. तिच्यावरील हक्क हस्तांतरित होत गेले आणि प्रत्येक हस्तांतरणाबरोबर सरकारी नोंदवहीत एक नवी ओळ वाढत गेली. ही ओळ वाढविणे म्हणजे कारकुनी काम, असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात त्या एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचे किंवा संपूर्ण गृहनिर्माण संस्थेचे भवितव्य अवलंबून असते. नोंदी संगणकात गेल्यापासून तर ती ओळ कशी वाढवावी, याचे एक शास्त्रच झाले आहे.

तक्ता आणि त्यातील ओळ

या शास्त्राचा पाया एडगर कॉड या गणितज्ञाने घातला. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीत काम करीत असताना जून १९७० मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. माहितीचे मोठे साठे साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवावेत आणि तक्त्यांचा परस्परसंबंध त्यांतील मूल्यांवरूनच जुळवावा, हा त्याचा गाभा होता. या तक्त्यांशी बोलण्यासाठी पुढे एक भाषा तयार झाली. तीत नवी ओळ घालण्याच्या आज्ञेला ‘इन्सर्ट’ म्हणतात. कोणत्या तक्त्यात, कोणत्या रकान्यांत आणि कोणती मूल्ये घालावयाची, एवढेच त्या आज्ञेत सांगावयाचे असते.

महाराष्ट्रातील महसूल कर्मचाऱ्यास तक्त्याची ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. शहरी भागातील मिळकत पत्रिका, म्हणजे ज्याला लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती, मुळात एक तक्ताच आहे. दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, पट्टेदार किंवा भार, आणि शेवटी साक्षांकन, असे तिचे रकाने आहेत. व्यवहार घडला की खाली एक ओळ वाढते.

रकान्याला नाव देऊनच मूल्य घालावे, हा यातील पहिला धडा होय. रकान्यांची नावे न सांगता मूल्ये नुसती क्रमाने दिली, तर संगणक ती क्रमानेच बसवितो. क्षेत्रफळाच्या जागी माणसाचे नाव आले, तर अंक हवा असल्याचे ओळखून तो नोंद नाकारील. परंतु देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या रकान्यात पडले, तर दोन्हीही नावेच असल्यामुळे यंत्राला त्यात काही वावगे दिसणार नाही. म्हणूनच साक्षांकनाचा रकाना संगणक आल्यावरही राहिला आहे. ओळीचा आकार यंत्र तपासते. तिचा खरेपणा दस्तऐवज समोर ठेवून जबाबदार अधिकाऱ्यानेच तपासावा लागतो.

दुसरा धडा रिकाम्या रकान्याचा. ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या भूखंडाचे क्षेत्र मोजलेले नसेल, तर तो रकाना रिकामा राहिला पाहिजे. तेथे शून्य घातले, तर भूखंडाला जागाच नाही, असा अर्थ होईल आणि पुढील प्रत्येक बेरीज चुकेल. काही रकाने मात्र रिकामे ठेवताच येऊ नयेत. दिनांकाविना आणि धारकाविना नोंद म्हणजे नोंदच नव्हे.

ओळख पटविणारा क्रमांक

प्रत्येक ओळीला तिची अशी एक ओळख असावी लागते. मुंबईच्या उपनगरांत नगर भूमापन क्रमांक गावागावांप्रमाणे दिलेले आहेत. त्यामुळे क्रमांक १०० एकाहून अधिक गावांत असू शकतो आणि नुसत्या क्रमांकावरून भूखंड सापडत नाही. गाव आणि क्रमांक ही जोडी मिळूनच ओळख पूर्ण होते. शेतांच्या काळातील गावांची नावे कागदावर टिकून राहिली, ती निव्वळ जुन्या सवयीने नव्हे. त्या नावांवाचून भूखंडाची ओळखच अपुरी राहते. अशा ओळखीला संगणकशास्त्रात प्राथमिक किल्ली म्हणतात. तीच जोडी पुन्हा घालू गेल्यास संगणक ती नाकारतो. हा नकार अडचण वाटला तरी तो संरक्षण आहे. एकाच भूखंडाच्या दोन पत्रिका निघाल्या, तर काय गोंधळ माजेल, हे सांगावयास नको.

तसेच, एका भूखंडाचे धारक अनेक असू शकतात. म्हणून भूखंडांचा तक्ता वेगळा आणि धारकांचा वेगळा ठेवतात, आणि धारकाच्या प्रत्येक ओळीत भूखंडाची किल्ली लिहितात. अस्तित्वात नसलेल्या भूखंडावर धारक नोंदू गेल्यास ती ओळ आत येऊ शकत नाही.

जुने न पुसता नवे लिहावे

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील फेरफार नोंदवहीची रीत येथे आठवते. वारसा, वाटणी, खरेदी, गहाण, बक्षीस किंवा पट्टा यांमुळे हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी, असे कलम १४९ सांगते. नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळालेल्यास या वर्दीतून सूट आहे. कलम १५० प्रमाणे ती नोंद नोंदवहीत होते, तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना सूचना जाते, हरकत आल्यास ती वेगळी नोंदली जाते आणि मगच नोंद प्रमाणित होते. या रीतीत जुने नाव खोडून त्यावर नवे लिहिले जात नाही. नव्या क्रमांकाची नवी नोंद होते आणि जुनी वाचता येईल अशी राहते. हक्क कोणाकडून कोणाकडे आला, ही साखळी त्यामुळेच शाबूत राहते.

संगणकात मात्र एक सावधगिरी लागते. बांधीव वहीत खालची ओळ नंतरची, हे पाहताच कळते. कॉडच्या तक्त्यात वर आणि खाली असे काही नसते. ओळी कोणत्याही क्रमाने समोर येऊ शकतात. म्हणून क्रमांक आणि दिनांक हे प्रत्येक ओळीत स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

एका व्यवहाराला पुष्कळदा एकाहून अधिक ओळी लागतात. भूखंडाचे दोन भाग पाडले, तर जुना क्रमांक बंद करून दोन नवे घालावे लागतात आणि त्यांच्या क्षेत्रांची बेरीज जुन्याइतकी भरली पाहिजे. मध्येच वीज गेली आणि एकच भाग नोंदला गेला, तर उरलेली जमीन कागदावरून नाहीशी होईल. हे टाळण्यासाठी अशा सर्व ओळी एका व्यवहारात बांधतात. मग एक तर सर्व ओळी कायम होतात, नाही तर एकही होत नाही.

न वाढलेली ओळ

चुकीची ओळ जितकी घातक, तितकीच कधीच न घातलेली ओळही घातक असते, आणि उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांना याचाच अनुभव येतो. सदनिका खरेदीचा दस्त नोंदविला की आपले काम संपले, असे पुष्कळांना वाटते. परंतु दुय्यम निबंधकाकडील नोंदणी ही एक गोष्ट आणि मिळकत पत्रिकेवरील नोंद ही दुसरी. सदनिका सदस्याची झाली, तरी इमारतीखालील जमीन अभिहस्तांतरण होईपर्यंत मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावे राहते. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम १९६३ चा असून, त्याखालील १९६४ च्या नियमांनुसार, वेगळा करार नसल्यास, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत हे अभिहस्तांतरण करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. तरीही अनेक संस्थांच्या बाबतीत ते झाले नाही. म्हणून २००८ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. त्यानुसार संस्था सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते.

मात्र प्रमाणपत्र हाती आले, म्हणजे शेवट झाला असे नव्हे. दस्ताची नोंदणी करून नगर भूमापन अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो आणि पत्रिकेवर संस्थेच्या नावाची ओळ वाढवून घ्यावी लागते. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली, की पहिला प्रश्न जमिनीचा धारक कोण, हाच येतो. तोपर्यंत मूळ मालक निवर्तलेला असतो, वारस पांगलेले असतात, आणि वेळीच सहज वाढली असती ती एक ओळ मिळविण्यासाठी वृद्ध सभासदांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

येथे एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. केवळ नोंदीने मालकी निर्माण होत नाही. ती दस्ताने किंवा वारशानेच येते. अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच कायदा सांगतो. पण ‘विरुद्ध सिद्ध करण्याचा’ भार कोणावर पडतो, हे लक्षात घेतले, म्हणजे त्या ‘एवढेच’चे वजन कळते.

डिजिटल स्वाक्षरी असलेली मिळकत पत्रिका आता घरबसल्या संगणकावर पाहता येते. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने ती काढून वार्षिक सभेत सभासदांपुढे ठेवावी. गावाचे नाव, भूमापन क्रमांक, क्षेत्र आणि शेवटच्या ओळीतील धारक, एवढे चार रकाने वाचावयास पाच मिनिटे पुरतात. तेथे संस्थेचे नाव नसेल, तर त्याच सभेत अर्जाचा ठराव करावा. वारसांनीही आपली वर्दी मुदतीत द्यावी. शासनाने तक्ता आखून दिला आहे आणि त्याच्या रक्षणाचे नियमही घालून दिले आहेत. परंतु घडलेली गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याने ती सांगितल्यावाचून, कोणत्याही तक्त्यात आपोआप ओळ वाढत नाही.