गर्भाच्या डिशमधलं अँटिबायोटिक

कळंबहून बोलतोय. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण आयव्हीएफला निघालेली जोडपी एक प्रश्न हमखास विचारतात: "लॅबमध्ये गर्भ ठेवतात त्या पाण्यात अँटिबायोटिक असतं म्हणे. बाळाला काही होणार नाही ना?" सोनं गहाण ठेवून लातूर-पुण्याला जाणाऱ्या माणसाला याचं नीट उत्तर मिळायला पाहिजे.

आधी, ते घालतात कशाला? हे पाणी म्हणजे कल्चर मीडियम. त्यात क्षार, साखर, अमिनो आम्लं, प्रथिनं असतात. ३७ अंशांवर गर्भ त्यात ३ ते ६ दिवस वाढतो. पण गर्भाला जे मानवतं, ते जंतूंनाही मानवतं. वीर्य निर्जंतुक नसतं, आणि बीजांडं योनीमार्गातूनच सुईने काढतात. एखादा ई. कोलाय आत शिरला तर रातोरात डिश गढूळ होते, सगळी सायकल वाया जाते. म्हणून बहुतेक मीडियममध्ये जेंटामायसिन किंवा पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन थोड्या प्रमाणात असतं.

आता मेख बघा. पेनिसिलिन जंतूची पेशीभित्तिका बनू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिका नसतेच, त्यामुळे तिथं काळजी कमी. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन मात्र जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर घाव घालतात. आपल्या पेशींना ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया मुळात जंतूंचेच वंशज, त्यांचे रायबोसोम तशाच घडणीचे. ही औषधं काही लोकांचे कान बधिर करतात, त्यामागचं एक कारण हेच. आणि सुरुवातीचा गर्भ तर आईच्या बीजांडातून आलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या शिदोरीवरच चालतो.

१९९६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मानवी गर्भ दोन्ही प्रकारे वाढवून पाहिले. अँटिबायोटिक नसलेल्या मीडियममध्ये पेशींचं विभाजन जास्त चांगलं झालं. यावरून विभाजनाचा वेग कळतो. बाळात दोष येतो, असं त्यातून सिद्ध होत नाही.

मीडियमची प्रत्येक बॅच उंदराच्या गर्भावर तपासतात. आमच्या भाषेत ही टेस्ट सूट. पण टेस्ट पास झाली म्हणजे प्रॉडक्शनमध्ये सगळं सुरळीत चालेलच असं नसतं, कारण उंदराचा गर्भ आणि माणसाचा गर्भ एक नाही.

मग घाबरायचं का? नाही. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आज जगभरात अशी ८० लाखांहून जास्त मुलं आहेत. डिशमधला जंतू हा समोरचा धोका, औषधाचा परिणाम त्यामानाने बारीक.

त्यामुळे डॉक्टरांना शांतपणे तीन गोष्टी विचारा. २०२१ च्या एआरटी कायद्याखाली क्लिनिकची नोंदणी आहे का? वीर्याची तपासणी करून संसर्ग असेल तर आधी उपचार करता का? आणि कुणाला या औषधांची ॲलर्जी असेल, तर ती आपणहून सांगा. मीडियम निवडताना तिचा विचार व्हायला हवा.

भेटू पुढच्या भागात.