आज्ञावली उघडी हवी
(नवदीक्षित कुटुंबांपुढील भाषण)



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी याच चांद्याच्या भूमीवर आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षेबरोबर कारण विचारण्याचा अधिकारही आपणांस मिळाला. शिष्यापासून काही राखून ठेवणारी आचार्याची बंद मूठ तथागतांपाशी नव्हती, हे त्यांनी स्वतः आनंदास सांगितले होते. तीच कसोटी आज शासनाच्या संगणकास लावून पाहावयाची आहे.

जातीचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, रेशनचे धान्य, सातबारा ही सारी कामे आता संगणकावर होतात. संगणक स्वतः न्याय करीत नाही; माणसाने लिहून दिलेल्या आज्ञा तो पाळतो. या आज्ञावलीसच सॉफ्टवेअर म्हणतात. काही कंपन्या मूळ आज्ञा गुप्त ठेवून केवळ वापराचा परवाना विकतात. याउलट जिचा मूळ मजकूर कोणासही वाचता, तपासता, सुधारता आणि दुसऱ्यास देता येतो, ती मुक्तस्रोत आज्ञावली होय.

भारत सरकारने २०१५ साली अशा आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केंद्राच्या कार्यालयांनी नव्या कामांत तिला प्राधान्य द्यावे, निविदेत तिचा विचार करण्याची अट घालावी, आणि पुरवठादाराने ती वगळल्यास त्याची कारणे द्यावीत, असे हे धोरण सांगते. तातडीच्या निकडीसाठी किंवा तज्ज्ञांच्या अभावी अपवाद करण्याची वाटही त्यात आहे. राज्य सरकारांवर मात्र ते बंधनकारक नाही. जे राज्य स्वीकारील त्यालाच ते लागू होते.

आपण विचाराल, याच्याशी आमचा संबंध काय? थोडा इतिहास आठवा. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशामुळे, बौद्ध झालेल्या माणसास केंद्राच्या सवलती मिळत नसत. तो अन्याय होता; पण तो छापील अक्षरांत होता. म्हणूनच तो वाचता आला, त्याविरुद्ध चळवळ करता आली, आणि १९९० साली संसदेस तो आदेश बदलावा लागला. दीक्षेनंतर चौतीस वर्षे गेली, तरी लढण्यासाठी समोर काही लिहिलेले होते.

आता समजा, एखाद्या बंद आज्ञावलीत धर्म 'बौद्ध' आणि जात 'महार' अशी नोंद येताच अर्ज बाजूला पडावा, अशी चूक राहून गेली. खिडकीवरचा कारकून म्हणेल, यंत्र घेत नाही. तहसीलदार म्हणतील, कंपनीस विचारा. कंपनी म्हणेल, हे आमचे व्यापारी गुपित. मग लेकरू दाद कोणाकडे मागणार? जो नियम वाचताच येत नाही, त्याविरुद्ध लढायचे कसे?

रानातले उदाहरण घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क सांभाळायचा तर सीमेचा नकाशा हवा. तो महागड्या परवान्याविना उघडत नसेल, तर ग्रामसभेच्या हाती कुलूप येते, किल्ली परक्याकडे राहते. क्यूजीआयएस ही नकाशांची मुक्तस्रोत आज्ञावली मात्र विनामूल्य मिळते. गावातले शिकलेले पोर ती चालवू शकते.

येथे दोन सावधगिऱ्या. आज्ञावली उघडी हवी, याचा अर्थ आपली नावे, आजार वा आधार क्रमांक उघडे पडावेत असा नव्हे. नियम सर्वांचा असतो, माहिती ज्याची त्याची असते. दुसरे, आज्ञावली उघडी झाली म्हणून भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांत वीज आणि संपर्क आपोआप पोचणार नाही. त्यासाठीचा लढा निराळा आहे.

तेव्हा आपले कर्तव्य काय? अर्ज नाकारला गेला की लेखी कारण मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारा : या कामाच्या निविदेत मुक्तस्रोताचा विचार झाला काय? नसल्यास कारणे कोठे नोंदली? मूळ आज्ञावली शासनाच्या ताब्यात आहे की कंपनीच्या? आणि मुलामुलींना केवळ अर्ज भरावयास शिकवून थांबू नका. आज्ञा वाचावयास व लिहावयास शिकवा.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, कारण ते तळे सार्वजनिक होते. जनतेच्या पैशाने लिहिलेली आज्ञावलीही सार्वजनिकच आहे. तिच्या काठाशी जाण्याचा आपला हक्क आपण बजावलाच पाहिजे.

जय भीम!