मांजरेच्या पाण्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांपुढील भाषण)



मांजरा लातूर जिल्ह्यातून कर्नाटकात शिरते, तेथून तेलंगणात जाते आणि उत्तरेला वळून देगलूर-बिलोलीच्या शिवेवर पुन्हा आपल्याला भेटते. या फेरीत पाटणचेरूच्या औषध व रसायन कारखान्यांचे सांडपाणी वाहिलेला नक्कावागू नाला तिला मिळतो. तिथल्या शेतकऱ्यांच्या विहिरी नासल्या. १९९० साली गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. मध्ये निजामसागर आहे. तेथे पाणी अडते, गाळ बसतो. बिलोलीपर्यंत त्यातले काय पोचते, हे अंदाजाने सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. ते मोजलेच पाहिजे.

मोजायचे कोणी? १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. नदीचे झाले नाहीत. आज तीन राज्यांची तीन मंडळे आहेत, आणि प्रत्येकाचा अधिकार आपल्या शिवेपाशी संपतो.

भोपाळनंतर, १९८६ साली, अमेरिकेने कायदा केला : कारखान्याने कोणते विष किती सोडले, याचा वार्षिक हिशेब जनतेपुढे ठेवायचा. माणसे मेली आमची, हिशेब मिळाला त्यांना! आपल्या १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे २५ वे कलम सांडपाण्याच्या अटींची नोंदवही बाधितांना पाहू देते. पण तिच्यातून मुभा किती ते कळते. सोडले किती ते नव्हे.

आणि तेलंगणाकडे बोट दाखवण्याआधी लातूरच्या साखर कारखान्यांची, आसवन्यांची नोंदवही मागा. आपले पाणीही खाली बिदरकडेच जाते. संचालक ओळखीचे आहेत, म्हणून संकोच नको.