अपंगत्वाचा अभ्यास आणि आपला समाज
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शिक्षणाविषयी बोला, पण परीक्षा आणि निकाल सोडून बोला, अशी कार्यवाहांची सूचना होती. म्हणून नोकरी सांभाळून विद्यापीठात अपंगत्वाचा अभ्यास करणे, आणि त्या अभ्यासाचा आपल्यासारख्या समाजाला होणारा उपयोग, हा विषय आम्ही निवडला आहे. विषयाचे नाव ऐकून हा डॉक्टरांचा प्रांत आहे, असे पुष्कळांना वाटेल. हा अभ्यास तुमचा-आमचा कसा आहे, तेच आज सांगावयाचे आहे.

या अभ्यासाचा आरंभ समजून घेण्यासाठी क्षणभर ब्रिटनकडे वळले पाहिजे. तेथे १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ पासून विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशासाठी आधीच्या परीक्षेची अट नव्हती. दिवसभर काम करणारी माणसे रात्री टपालाने आलेली पुस्तके वाचीत, आकाशवाणीवर व दूरचित्रवाणीवर पाठ ऐकत आणि उत्तरे लिहून पाठवीत. या विद्यापीठाने १९७५ साली समाजातील अपंग व्यक्ती या विषयावर एक अभ्यासक्रम सुरू केला. परिचारिका, शिक्षक, समाजसेवक अशा लोकांनी तो घ्यावा, अशी कल्पना होती.

या अभ्यासक्रमाला वळण देणाऱ्यांत व्हिक फिंकेलस्टाइन हे गृहस्थ होते. त्यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेत झाला. तरुणपणी बांबूच्या साहाय्याने उंच उडी मारताना अपघात झाला आणि पुढे आयुष्यभर त्यांना चाकाची खुर्ची वापरावी लागली. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला, आणि १९६८ साली ते ब्रिटनला आले. गोऱ्यांसाठी एक दार आणि काळ्यांसाठी दुसरे, हा भेद ज्याने मायदेशी पाहिला होता, त्याला ब्रिटनमधील जिने आणि अरुंद दारे पाहून तोच भेद निराळ्या वेषात दिसला, यात नवल नाही.

फिंकेलस्टाइन एक कल्पित गोष्ट सांगत. एका गावात सारेच लोक चाकाच्या खुर्चीवर बसणारे आहेत. दुकाने, शाळा, कचेऱ्या सर्व तेच चालवितात. गावात कोणी उभाच राहत नाही, म्हणून त्यांनी दारे बुटकी आणि छते खाली बांधली. पुढे त्या गावात काही चालती माणसे राहावयास आली. त्यांची डोकी चौकटींवर आपटू लागली. गावच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, कपाळाला शिरस्त्राण दिले, कमरेला वाकवून ठेवणारे पट्टे दिले. त्यांना नोकरी कोणी देईना. मग दयाळू लोकांनी त्यांच्यासाठी निधी जमविण्याच्या पेट्या ठेवल्या! अखेर त्या बिचाऱ्यांच्या ध्यानात आले की, आपल्या अंगात काहीच बिघडलेले नाही; चौकटी उंच केल्या की आपले दुःख संपते.

शरीरातील उणीव ही एक गोष्ट, आणि त्या उणिवेमुळे समाजाने त्या माणसापुढे उभी केलेली अडचण ही दुसरी. १९७२ साली पॉल हंट यांनी एका वृत्तपत्रात पत्र लिहून अपंगांना संघटित होण्याची हाक दिली. त्यातून जी संघटना उभी राहिली, तिने १९७६ साली हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. १९८३ साली माइक ऑलिव्हर यांनी त्या विचाराला अपंगत्वाचे सामाजिक प्रारूप असे नाव दिले. इकडे मुक्त विद्यापीठातील अभ्यासक्रमही बदलत गेला. तो लिहिण्यात अपंग लोकांचा भाग वाढला आणि १९९४ साली तो 'अपंग करणारा समाज' या नावाने पुढे आला. आरंभी ज्याचा अभ्यास करावयाचा ती व्यक्ती अपंग होती. वीस वर्षांत प्रश्न उलटला, आणि तपासणीच्या टेबलावर समाज आला.

आता आपल्या घराकडे येऊ. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली आपल्या या हैदराबादेतच स्थापन झाले, आणि १९९१ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. १९८४ साली बौद्धिक अपंगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था शेजारी सिकंदराबादेत उभी राहिली. विशेष शिक्षकांच्या शिक्षणाला शिस्त लावणारी पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने आली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख लोकांची अपंग म्हणून नोंद झाली, आणि ती जुन्या, थोड्या प्रकारांवरच आधारलेली होती. या काळात शब्दही बदलले. अपंगाचे विकलांग झाले, विकलांगाचे दिव्यांग झाले. पायऱ्या मात्र होत्या तशाच राहिल्या.

नोकरी करीत हा अभ्यास करणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पुस्तके घरी येतात. रविवारी संपर्कवर्ग असतो. स्वाध्याय लिहावे लागतात, आणि प्रात्यक्षिक म्हणून विशेष मुलांना शिकवावे लागते. शाळा सुटल्यावर, घरची कामे आटोपल्यावर, दहाच्या पुढे दिवा लावून बसावे लागते. परंतु या त्रासातच त्या पद्धतीचा लाभ आहे. रविवारी जे शिकावे, ते सोमवारी वर्गात लावून पाहता येते.

एक साधे उदाहरण घ्या. शाळेत 'ढ' म्हणून मागच्या बाकावर गेलेला मुलगा पुष्कळदा कमी ऐकू येणारा असतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलला की त्याचा धडा तेथेच तुटतो. त्याला पुढे बसविले, शिक्षकाचे ओठ दिसतील असे केले, गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहिला, की निम्मे काम होते. दुसरा मुलगा गोष्ट उत्तम सांगतो, पण वाचताना अक्षरे ओळखता ओळखता थकून जातो. त्याला आपण आळशी म्हणतो. २०१६ च्या कायद्याने ही विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणून मान्य केली आहे. अशा मुलाला जास्त वेळ दिला, तोंडी उत्तर देऊ दिले, तर त्याची बुद्धी दिसू लागते. यात मोठा खर्च नाही. कोठे पाहावे, हे शिक्षकाला माहीत असले म्हणजे झाले.

भाषेचेही तसेच. 'वासरात लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' अशा म्हणी आपण सहज बोलतो. म्हणी टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. पण समोर लंगडणारे मूल बसले असताना ती म्हण त्याच्या कानात काय करते, हा विचार अभ्यासानंतर सुटत नाही. याच मराठीत गुलाबराव महाराजांसारखे तान्हेपणीच दृष्टी गेलेले संत-ग्रंथकार झाले आणि लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले, हेही विसरता कामा नये.

येथे एक सावधगिरीची सूचना. मुक्त विद्यापीठ हे स्वतःच अपंग विद्यार्थ्यांना मोठे वरदान आहे. ज्याला महाविद्यालयाचा जिना चढवत नाही, त्याच्या घरी विद्यापीठ येते. पण याच सोयीचा दुरुपयोग होतो. 'तू घरीच बसून शीक, तुला कशाला त्रास?' असे प्रेमाने म्हटले जाते, आणि मुलगी पदवीधर होऊनही चार भिंतींच्या आतच राहते. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत आणि वयाची ५ वर्षांची सवलत दिली आहे. दूरचे शिक्षण कोणाची पसंती असेल तर उत्तम. जिना बांधणाऱ्याची ती सबब होऊ नये.

आता आपल्या संस्थेविषयी. १९५६ च्या प्रांतरचनेत मराठवाडा निराळा झाला आणि आपण मराठी माणसे या शहरात थोडी राहिलो. दुसऱ्यांच्या सोयीने आखलेल्या व्यवस्थेत राहताना काय वाटते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. म्हणूनच आपण ही संस्था काढली, आणि वह्या, शिष्यवृत्त्या, औषधपाणी यांची जी मदत तिने पन्नास वर्षे केली, ती कोणाची जात वा धर्म न विचारता केली. आमच्या घरातही तिच्या वह्या आल्या आहेत, म्हणून हक्काने बोलतो.

महोत्सवात आपण चाकाच्या खुर्च्या वाटल्या. फार चांगले केले. परंतु ज्या सभागृहात त्या वाटल्या, त्या सभागृहात ती खुर्ची आपल्या बळावर शिरू शकत नाही. दारात तीन पायऱ्या आहेत. घेणाऱ्यांना चौघांनी उचलून आत आणले, टाळ्या झाल्या, आणि पुन्हा उचलून बाहेर नेले. पुढच्या हळदीकुंकवाला, पुढच्या व्याख्यानाला त्यांना कोण उचलणार?

आमच्या धर्मात जकात सांगितली आहे. जाणते लोक सांगतात की ती देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे. धनिकाच्या संपत्तीत गरजूचा जो हक्क आहे, तो त्याच्याकडे पोहोचविणे आहे. कुराणात अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम या अंध गृहस्थांचा प्रसंग आहे. ते शिकण्याच्या ओढीने आले, तेव्हा तेथे प्रतिष्ठित लोकांशी बोलणे चालू होते आणि अंधाकडे लक्ष गेले नाही. त्यावर खुद्द पैगंबरसाहेबांना ईश्वराने समज दिली, असे आम्ही मानतो. हेच अब्दुल्ला पुढे मदीनेत अजान देत असत. अंधाला भीक घालून त्या समाजाने त्याची बोळवण केली नाही. लोकांना हाक मारण्याचे काम त्याच्यावर सोपविले. दान आणि समावेश यांतला फरक इतका सरळ आहे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, सभागृहाला उतार बांधावा. आपल्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या प्रचलित मापाने १८ फुटांचा उतार लागेल, आणि तो अंगणाच्या भिंतीकडेने सहज बसतो. दुसरी, शिष्यवृत्तीच्या अर्जात 'नियमित विद्यार्थी' आणि 'वय २५ च्या आत' अशा ज्या दोन अटी आहेत, त्या काढाव्यात. नोकरी करून शिकणारा शिक्षक, अपंग मुलाची आई, उशिरा शाळेत गेलेला अपंग तरुण, हे तिघेही या दोन अटींवर अडतात. दर वर्षी दोघांना जरी अपंगत्वाच्या अभ्यासासाठी साहाय्य दिले, तरी दहा वर्षांत वीस जाणती माणसे आपल्या वस्त्यांत तयार होतील. तिसरी, विश्वस्त मंडळात एखादी अपंग व्यक्ती घ्यावी, आणि ती शोभेसाठी न घेता इमारतीच्या व शिष्यवृत्तीच्या समितीवर घ्यावी. आमच्याविषयीचे निर्णय आमच्याविना नकोत, असे जगभरचे अपंग लोक म्हणतात. ते आपल्यालाही लागू आहे.

या तिहींपैकी उताराचे काम सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी करावे. पुढच्या वार्षिक सभेला ज्यांना आपण खुर्च्या दिल्या, ती मंडळी आपल्या हातांनी चाके फिरवीत आत यावीत, आणि सभेत जमाखर्चावर त्यांनी आपल्याला दोन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची इच्छा आहे.