प्लगची तिसरी पिन

 

संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. सोसायटीच्या कचेरीत तो आहे, शाळेत आहे, पुष्कळ घरांतून मुलांच्या अभ्यासासाठीही आला आहे. तो घेताना आपण चार दुकाने फिरतो. पडदा केवढा, हमी किती वर्षांची, सगळे विचारून घेतो. पण घरी आणल्यावर त्याचा प्लग ज्यात बसवायचा, त्या भिंतीवरच्या सॉकेटकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आज बोलायचे आहे ते त्या सॉकेटविषयी, आणि तेही त्याच्या तीन भोकांपैकी वरच्या मोठ्या भोकाविषयी. मी काही वायरमन नव्हे. घरात संगणक नि टीव्ही वापरणारा तुमच्यासारखाच एक माणूस. जे घरात पाहिले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, तेवढेच सांगतो.

आमच्याकडे २०११ साली पहिला संगणक आला. मुलगी फरशीवर अनवाणी पाय टेकून बसे, आणि त्याच्या लोखंडी पेटीला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत. दुकानाचा माणूस येऊन म्हणाला, "सगळ्याच कॉम्प्युटरना होतं असं. पायाखाली लाकडी फळी घ्या." फळी घेतली, झिणझिण्या थांबल्या. पण घरातून प्रश्न आला, "ती बसेल हो फळीवर. मी ओलं फडकं घेऊन पुसायला आले, तर मी कशावर उभी राहू?" प्रश्न बिनतोड होता. मग गावातल्या जुन्या वायरमनला बोलावले. त्याने सॉकेट उघडले, तो तिसऱ्या भोकाच्या स्क्रूला तारच नाही! भोक नुसते शोभेचे.

आता ही तिसरी तार करते काय? आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. एका तारेने ती येते, तिला फेज म्हणतात. दुसरीने परत जाते, ती न्यूट्रल. तिसरी तार एरवी काही काम करत नाही. ती यंत्राच्या लोखंडी अंगापासून निघून थेट जमिनीत जाते. तीच अर्थिंग. संगणकाच्या पेटीत वीजपुरवठ्याचा एक डबा असतो. विजेतली खरखर गाळण्यासाठी त्यात लहान कपॅसिटर बसवलेले असतात, आणि त्यांच्यातून विजेचा थोडासा अंश पेटीच्या लोखंडावर उतरतो. तो तिसऱ्या तारेने जमिनीत जावा, अशी योजना असते. तार नसेल, तर पेटीवर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह मात्र अगदी किरकोळ असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागते.

तुम्ही म्हणाल, मग भ्यायचे कशाला? तर झिणझिण्या हा निरोप आहे, की जमिनीकडची वाट बंद आहे. उद्या उंदराने वायर कुरतडली आणि फेजची तार पेटीला टेकली, तर चांगल्या अर्थिंगमधून वीज जोराने जमिनीकडे धावते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल, तर फ्यूज जागचा हलत नाही. पेटी तशीच जिवंत राहते, आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज जमिनीकडे वाट काढते. म्हणून तर ही पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब केलेली असते. प्लग घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. म्हणजे यंत्रात वीज असेपर्यंत तिचा पहारा उठत नाही.

आणि आपण काय करतो? प्लग बसत नाही म्हणून कोणी ती पिन मोडतो. कोणी स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड आणतो. त्याला भोके तीन, पण आतल्या तारा दोनच. कोणी तिसरी तार नळाला बांधतो. पण पाइप प्लॅस्टिकचा असेल, तर ती बांधली काय नि न बांधली काय. सर्वांत वाईट म्हणजे सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडणे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की यंत्राच्या लोखंडी अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येऊन बसतात.

मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना असतात, त्याचे कसे? त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण पाहा. त्याच्या आत दुहेरी आवरण असते. त्याला अर्थिंग लागत नाही. लोखंडी पेटीच्या संगणकाला मात्र लागतेच.

अर्थिंगचा खड्डा वायरमनकडूनच करून घ्यावा. त्यात पाइप किंवा पत्रा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात. ओल असेल तरच जमीन वीज नीट ओढून घेते. आपल्या मुरमाड जमिनी चैत्र-वैशाखात कोरड्याठाक पडतात, तेव्हा या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. अशा जमिनीत फ्यूज उडण्याइतका प्रवाह जाईलच, असेही नाही. म्हणून मीटरपाशी आरसीसीबी नावाचे बटण बसवून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचे हे बटण, गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा मेळ घालून पाहते. तेवढा प्रवाह भलतीकडे वळला, की ते क्षणार्धात वीज तोडते. त्यावर 'टी' अक्षराची कळ असते. ती महिन्यातून एकदा दाबावी. वीज गेली, तर बटण जागे आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आकाशातल्या विजेपुढे घरातल्या अर्थिंगवर विसंबू नये. वळवाचे ढग दिसू लागताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वी, संगणक आणि टीव्ही यांचे प्लग काढावेत. डिशची किंवा केबलची तारही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही घरात शिरते.

शिक्षक मंडळींना एक विनंती. शाळेतल्या एका खोलीत आठ-दहा संगणक असतात, आणि पावसाळ्यात मुले ओल्या पायांनी आत येतात. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून प्रत्येक सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. नुसता टेस्टर तिसऱ्या भोकात घालून समाधान मानू नका. तिथे दिवा लागला नाही, म्हणजे तार आहे असे ठरत नाही. तार तुटलेली असली तरी तो लागत नाहीच. चालू संगणकाच्या पेटीवर, जिथे रंग नाही अशा जागी, टेस्टर टेकवा. दिवा मिणमिणला, तर त्या दिवशी मुलांना हात लावू देऊ नका.

आम्ही घरातली नवी तार ओढून घेतली, खड्डा केला, बटण बसवले. मुलीने स्वतःच एकदा पेटीवर टेस्टर टेकवून पाहिला. दिवा लागला नाही. ती फळी मग आम्ही चुलीपुढे बसायला घेतली.

तुमच्या घरातला प्लग आज जरा काढून पाहा. आधी बटण बंद करा, हं!