डोंगराच्या पायथ्याशी घर घेताना
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला संस्थेच्या आठवणी सांगायला सांगितलं होतं. आठवणी सांगणारे माझ्यापेक्षा चांगले वक्ते इथे आहेत, म्हणून मी विषय बदलून घेतला. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. त्यामुळे निवृत्तीनंतरही महिन्याला दोन-तीन फोन येतात. "काका, साताऱ्यात एक फ्लॅट बघितलाय, अजिंक्यतारा समोर दिसतो, कॉलेजं जवळ आहेत. घेऊ का?" या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर तुकड्या-तुकड्यानं देत आलोय. आज एकदाच सलग देतो.

आधी हे गाव काय आहे ते बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथेच सुरू झाली. अलीकडे सरकारी मेडिकल कॉलेजही आलं. जावळी, पाटण, कोरेगाव, खटाव, माण, सगळीकडची मुलं शिकायला इथे येतात. म्हणजे या गावात घराला गिऱ्हाईक कायम आहे. आणि घर बांधायची सपाट जागा मात्र एका बाजूला अजिंक्यतारा आणि दुसरीकडे यवतेश्वरचा डोंगर यांनी अडवलेली. त्यामुळे वस्ती हळूहळू डोंगराच्या अंगावर चढत गेली. आपली संस्थाही त्यातलीच.

फोन करणारे तीन प्रकारचे असतात. पहिला, मुंबई-पुण्यात नोकरी संपवून गावाकडे यायचं म्हणणारा. दुसरा, मुलगी इथे कॉलेजला आली म्हणून चार वर्षांसाठी घर घेऊन टाकू म्हणणारा. आणि तिसरा, विद्यार्थ्यांच्या भाड्यावर हप्ता सुटेल असा हिशेब मांडणारा. शेवटच्या दोघांना मी कागद-पेन्सिल घ्यायला सांगतो. समजा फ्लॅट ४० लाखांचा आहे. या रकमेच्या घरात बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे ३२ लाख. आठ लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सहा-सात टक्के जातात, तेही आपलेच, कारण बँक ते किमतीत धरत नाही. (घर बाईंच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे सांगितलं की नवरे मंडळी जरा गप्प होतात.) साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो २७,७७० रुपयांच्या आसपास. भाडं समजा ११,००० आलं. तेही वर्षाचे बारा महिने येत नाही, परीक्षा संपली की खोल्या रिकाम्या होतात. बारा महिने धरले तरी वर्षाचे १,३२,०००, म्हणजे ४० लाखांवर ३.३ टक्के. त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स आणि रंग-डागडुजी वजा करा. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा जास्त देते आणि तिचा नळ गळत नाही.

चार वर्षांसाठी घेणाऱ्याचं तर आणखी वाईट. घेताना सात टक्के गेले, विकताना दलाली जाणार, आणि पहिल्या चार वर्षांत भरलेल्या हप्त्यांतला बहुतेक भाग व्याजातच जिरलेला असतो. त्यांना मी सरळ सांगतो, मुलीसाठी चांगली खोली भाड्याने घ्या, पैसे वाचवा. काही जण नाराज होतात. होऊ देत.

राहायला येणाऱ्याला मात्र मी "ये" म्हणतो. पण घर कसं बघायचं, ते सांगतो.

लोक घर बघायला डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा छान असते, गच्चीवरून किल्ला दिसतो, बिल्डरचा माणूस चहा पाजतो. मी म्हणतो, जुलैत ये. आणि फ्लॅटमध्ये शिरण्याआधी इमारतीच्या मागे जाऊन वर बघ. डोंगरावरचं पाणी खाली कुठून येतं? ओढा होता तो आहे का, की त्याच्यावर कुणी भिंत घातली? महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, साताऱ्याला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून लोक निर्धास्त असतात. पण उतारावर वर्षाचा पाऊस मोजून उपयोग नाही, एका रात्रीत किती पडला ते बघावं लागतं. आपल्या सह्याद्रीत काळ्या दगडाचे थर आहेत आणि मध्ये मुरूम-माती. पाणी मातीत जिरतं, दगडापाशी अडतं आणि मग आडवं बाहेर निघतं. तिथेच कुणी पाया खणण्यासाठी डोंगर उभा कापला असेल, तर त्या मातीला धरून ठेवणारं काही उरत नाही. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये आपल्याच पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव. त्या गावांनी घर घेताना डोंगर निवडला नव्हता, ती पिढ्यान्पिढ्या तिथेच होती. आपण मात्र पैसे मोजून येतो, तेव्हा आपल्याला न बघण्याची सबब नाही.

विकास नियमांत एक ते पाच असा उताराचा दंडक आहे. पाच फूट पुढे गेलो की एक फूट चढ. त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई. हे मोजायला इंजिनिअर लागत नाही, एक लांब काठी आणि पाण्याची नळी घेऊन गवंडीसुद्धा सांगतो. आणि संरक्षक भिंत असेल तर तिच्या उंचीपेक्षा तिला पाणी निघायला भोकं ठेवली आहेत का, आणि पावसात त्यातून पाणी येतं का, ते बघा. भोकं कोरडी आणि भिंतीला पोट आलेलं, असं दिसलं तर चहा पिऊन परत या.

आपल्या संस्थेत हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. मागच्या चढावरचा प्लॉट कुणीतरी सपाट केला, मातीचा भराव ओढ्यात लोटला, आणि त्या पावसाळ्यात एका रात्री पाणी आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर आलं. मीटरची पेटी त्याच भिंतीवर. रात्री दीड वाजता फावडी घेऊन मागचा चर मोकळा करायला कोण गेलं होतं? बी-विंगमधली चार पोरं, जी भाड्यानं राहत होती. सभासदांपैकी आम्ही तिघे टॉर्च धरून उभे होतो. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

आता खालून येणाऱ्या पाण्याचं, म्हणजे नळाचं. कासचा तलाव उंचावर, तिथून पाणी उतारानं शहरात येतं, पंपाशिवाय. हे साताऱ्याचं मोठं भाग्य. पण ते पाणी प्रत्येक उपनगराला मिळतंच असं नाही. जुन्या सभासदांना आठवत असेल, आपला शाहूनगरचा भाग ना धड नगरपालिकेत होता, ना ग्रामपंचायतीत. लोक त्याला त्रिशंकू म्हणायचे. रस्त्यावरचा दिवा गेला तर अर्ज कुणाकडे द्यायचा हाच प्रश्न. २०२० मध्ये हद्दवाढ झाली तेव्हा आपली संस्था वीस वर्षांची होती. म्हणून मी विचारतो, घर कुणाच्या हद्दीत आहे? पाणी नगरपालिकेचं की जीवन प्राधिकरणाचं? चौथ्या मजल्यावर किती वाजता चढतं? याचं उत्तर बिल्डरला विचारू नका, तळमजल्यावरच्या काकूंना विचारा.

आणि चौथ्या मजल्याचं निघालंच आहे म्हणून, लिफ्ट नसलेली इमारत पन्नाशीत घेतलेल्यांनी सत्तरीचा विचार केलेला नसतो. इथे तर इमारतीतले जिने उतरलो की रस्त्याचा चढ सुरू होतो. यवतेश्वरच्या घाटात दरवर्षी हाफ मॅरेथॉन होते, हजारो माणसं धावतात. मी पोवई नाक्यावरून भाजीची पिशवी घेऊन घरी येतो तेव्हा मला ती सगळी माझ्यापेक्षा आरामात दिसतात.

कागदांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर जेवण गार होईल. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा नंबर घ्या. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्यांना मागता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्यांची. उतारावरच्या इमारतीत पाच वर्षांचे पाच पावसाळे महत्त्वाचे असतात, भेगांचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

आणि जुना फ्लॅट घेत असाल तर संस्थेला विचारा, कन्व्हेयन्स झालंय का? १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन संस्थेच्या नावावर करून द्यायची असते. आपल्या विकसकाने दिली नाही. नाव घेत नाही, ते आता या गावात राहत नाहीत. आपल्याला शेवटी २००८ च्या दुरुस्तीचा आधार घेऊन जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी जावं लागलं. त्या फाइलीच्या मागे आपले तेव्हाचे खजिनदार किती फिरले ते मला माहीत आहे. आज संरक्षक भिंत नव्यानं बांधायची म्हटलं किंवा उद्या पुनर्विकास आला, तर जमीन आपली आहे म्हणून आपण बोलू शकतो. नाहीतर पंचवीस वर्षं राहूनही आपण दुसऱ्याच्या जागेवर उभे असतो.

आता तो परत येण्याचा मुद्दा. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव आहे, विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत असा. ठराव मांडणारे माझे मित्र आहेत, त्यांचा त्रासही खरा आहे. रात्री अकरानंतर गच्चीवर गाणी, एका फ्लॅटसमोर आठ मोटारसायकली, जिन्यात पिझ्झाचे खोके. मीही वैतागतो. पण आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. संस्थेला कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची. करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे किती जणांनी नोंदवलेत, ते सेक्रेटरींच्या कपाटात बघा म्हणजे कळेल. त्रास देणारा फ्लॅट बहुतेक वेळा बिनकराराचाच निघतो. बिनभोगवटा शुल्कही २००१ च्या आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. ते पाचपट करून मुलांना घालवू, ही सूचनाही टिकणार नाही.

दुसरं, आपली स्वतःची मुलं कुठे आहेत? पुण्यात, बंगळुरात, काही परदेशात. तीही कुणाच्या तरी इमारतीत भाड्यानेच राहिली, कुणीतरी त्यांना जिना चढू दिला. आपल्या सभासदांपैकी निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे. ही पोरं गेली तर संध्याकाळी सात वाजता निम्म्या खिडक्यांत दिवा लागणार नाही, आणि जुलैत चर उपसायला माणूस पैसे देऊन आणावा लागेल, तोही रात्री दीड वाजता येणार नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. ठराव मागे घ्यावा. त्याऐवजी नोंदणीकृत करार सक्तीने मागावा, एका फ्लॅटला दोन गाड्यांची जागा ठरवून द्यावी, गच्ची साडेदहाला बंद करावी. आणि पावसाळ्याआधी मागचा ओढा साफ करण्याचा एक रविवार ठरवावा, त्यात सभासद आणि भाडेकरू दोघांनी यावं. फावडी मी देतो. उचलायला मात्र आता जमणार नाही, टॉर्च धरीन.

सेक्रेटरींची दुसरी चिठ्ठी आली आहे, मसालेभात तयार आहे म्हणे.