घरातला विसावा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भनपुरी येथे दिलेले भाषण)



 मी साहित्यिक नाही आणि विचारवंतही नाही. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर शेरे लिहिण्यात ज्याची हयात गेली, असा मी एक साधा पदवीधर आहे. ‘घरातला विसावा’ हा विषय कार्यवाहांनी सुचविला, तेव्हा यावर बोलण्यासारखे काय असणार, असे मला वाटले. परंतु विचार करू लागलो आणि ध्यानात आले की, या विषयावर बोलायचे तर मला प्रथम एक कबुलीजबाबच द्यावा लागेल.

‘विसावा’ हा शब्द आपल्याला वारीने चांगला समजावून दिला आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीसाठी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालून पंढरपूर गाठते. या वाटेवर रात्रीचे मुक्काम असतात, आणि दोन मुक्कामांच्या मध्ये विसावे असतात. विसावा म्हणजे चालणे संपणे नव्हे. थोडे टेकावे, घोटभर पाणी प्यावे आणि पुन्हा दिंडीत उभे राहावे, एवढाच त्याचा अर्थ. विसावा वाटेवरच असतो, हे वारकऱ्याला कळते. आपल्यासारख्या नोकरदारांना मात्र ते उमजत नाही.

आपण गाव सोडून इतक्या दूर आलो. या भनपुरीत रात्रंदिवस ट्रकांची घरघर चालते आणि कारखान्यांची काजळी तुळशीच्या पानांवर बसते. साहजिकच विसावा म्हटला की आपल्याला रजा आठवते, आगगाडी आठवते, गावाकडची ओसरी आठवते. ‘गावी गेलो की विश्रांती’, ‘निवृत्त झालो की विश्रांती’ असे घोकत मीही वर्षे काढली. इथले घर म्हणजे माझ्या लेखी बदलीपर्यंतचा एक मुक्काम होता. आम्हां सरकारी नोकरांच्या अर्जित रजेचा चोख हिशेब असतो. वर्षाला ३० दिवस जमा होतात, आणि साठलेल्या रजेपैकी ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे निवृत्तीच्या वेळी पैसे मिळतात. माझे रजेचे खाते भरलेले आहे, याचा मला मोठा अभिमान होता. घरात आणखी एक व्यक्ती अशी आहे की, जिच्या नावे असे खातेच उघडलेले नाही, हे माझ्या कधी मनातही आले नाही.

काही वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी माझ्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात घेरी येऊन पडल्या. डॉक्टरांनी तपासून तीन आठवडे संपूर्ण विश्रांती सांगितली. मी रजा टाकली आणि घर हाती घेतले. पहिल्या दिवशी दूध उतू गेले. दुसऱ्या दिवशी भातात पाणी कमी पडले. दारातली काजळी सकाळी पुसली तर संध्याकाळी पुन्हा हजर! हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण एक गोष्ट मात्र मनाला लागली. पलंगावर निजलेली असूनही ती विश्रांती घेत नव्हती. भांडे वाजले की ती दचकून विचारी, “अहो, गॅस बंद केलात ना?” आणि मीही दर पाच मिनिटांनी दारात उभा राहून विचारीत असे, “हिंग कुठे ठेवला आहेस? डाळ किती घेऊ?” शरीर पलंगावर होते, परंतु घराचा सारा हिशेब अजून तिच्याच डोक्यात चालू होता.

आठव्या दिवशी मी निश्चय केला की, काही विचारायचे नाही. सापडले तर घालायचे, न सापडले तर त्यावाचून करायचे. त्या दुपारी ती दोन तास गाढ झोपली. दिवेलागणीला उठून गॅलरीत बसली आणि एक दिवाळी अंक मागून घेतला. बंधुभगिनींनो, मंडळाच्या ग्रंथालयातून तो अंक मी तिच्याच नावावर आणला होता. वर्षानुवर्षे असेच आणीत असे, वाचीत मात्र मीच असे. रात्री ती म्हणाली, “आज पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.” आमच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. त्या एका वाक्याने मला जे शिकविले, ते कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही.

आठवड्याची सुट्टी आपल्याला फुकट मिळालेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली होती. रविवार बायकांनीही मागितला होता, आणि गिरणीत तो त्यांना मिळालाही. पण त्याच रविवारी त्यांच्या घरची चूल मात्र थांबली नसणार! पुढे १९८५ साली केंद्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, आणि आम्हांला शनिवारही मिळाला. आमच्या घरात त्याचा परिणाम इतकाच झाला की, चहाची आधणे वाढली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ सालच्या कालवापर सर्वेक्षणात असे दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदला घरकामात जातात. पुरुषांपैकी जे घरकामाला हात लावतात, त्यांची ८८ मिनिटे जातात. बहुसंख्य पुरुष तर त्या गणतीत येतच नाहीत.

ज्या छत्तीसगडाने आपल्याला सामावून घेतले, त्याच्या सणांकडे या दृष्टीने पाहावे. हरेलीला येथला शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन पूजतो आणि अवजारांना विश्रांती देतो. पोळ्याला, आपल्याकडच्याप्रमाणेच, बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्याच दिवशी मुलग्यांना मातीचे नंदी देतात आणि मुलींना मातीची चूल, मातीचे जाते. बैलाला सुट्टी मिळते आणि लेकीच्या हाती चूल येते, हा योगायोग मला विचार करायला लावतो. परंतु याच लोकांनी त्यावर उताराही ठेवला आहे. पोळ्यापाठोपाठ तीज येते, आपल्या हरितालिकेचाच तो दिवस. तीजेसाठी वडील किंवा भाऊ सासुरवाशिणीला न्यायला येतात आणि ती माहेरी जाते. आपल्या भगिनींचे माहेर मात्र शेकडो कोसांवर राहिले. वर्षातून एकदा गावी जावे, तर तिथेही आपण ओसरीवर आणि त्या पुन्हा चुलीपाशी! तेव्हा माहेर इथेच, या काजळीच्या गावातल्या घरातच निर्माण करायला हवे, असे मला वाटू लागले.

आमच्या घरी आता दोन नियम आहेत. रविवारचा स्वयंपाक मी आणि चिरंजीव करतो. त्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिला कोणी काही विचारीत नाही. उन्हाळ्यात शेजारच्या छत्तीसगडी भगिनीने शिकविलेली बोरे-बासी आमच्या मदतीला येते. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवावा, सकाळी कांदा व मीठ लावून खावा. चूल पेटवावी लागत नाही आणि पोटही थंड राहते. नियम मोडतात, हेही प्रांजळपणे सांगतो. पाहुणे आले की मोडतात, आणि माझी भाजी अजूनही खारट होते. पण एक नवल घडले. कणीक मळताना, मुलासमवेत मटार सोलताना माझे मन असे निवांत होऊ लागले की, तशी शांती मला गावच्या ओसरीवरही लाभली नव्हती. मटार सोलता सोलता मुलगा जे बोलतो, ते एरव्ही तो मला कधीच बोलला नसता. विसावा वाटून घेतला की तो कमी होत नाही, उलट वाढतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी मंडळाविषयी एक नम्र सूचना. गेल्या पन्नास वर्षांत या मंडळाने आपल्याला गावाची उणीव भासू दिली नाही. गणेशोत्सव, नाटके, व्याख्याने, सहभोजने, सारे येथे झाले. मात्र हे भाषण चालू असताना आतल्या बाजूला पुऱ्या लाटल्या जात आहेत. घरातल्या विसाव्यावरचे हे भाषण ज्यांनी ऐकावे आणि ज्यांनी त्यातल्या चुका दाखवाव्यात, त्यांतल्या काही जणी आत पोळपाटाशी बसल्या आहेत. पुढच्या सहभोजनाला लाटणे आपण पुरुषांनी हाती घ्यावे, आणि या खुर्च्यांवर त्यांनी बसावे. पुऱ्या वाकड्यातिकड्या होतील, पण त्या गोड लागतील, याविषयी मला शंका नाही.

मंडळाची शताब्दी आपल्यापैकी कोण पाहील ते ठाऊक नाही. पंढरपूर येईल तेव्हा येईल. वाटेवरचा विसावा मात्र आपल्या हाती आहे, तो आपण एकमेकांना द्यावा, एवढीच विनंती करतो.

 आता मी आत जातो. मला निदान पुऱ्या तळता येतात.